खाली केलेली बंदूक

रविवार, ८ डिसेंबर. सकाळ. चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीतली एक बंद पडलेली शेड. एका सिक्युरिटी एजन्सीनं ती प्रशिक्षणासाठी भाड्यानं घेतलेली आहे.

हजर: पायदळातले एक निवृत्त सुभेदार. कन्नडचा एक माजी हवालदार, ज्याची बरीचशी नोकरी काश्मीरमध्ये गेली. जालन्याहून मोटारसायकलवर येणारे दोघे भाऊ, दोघेही माजी जवान. एजन्सीचा सुपरवायझर, वाणिज्य शाखेचा पदवीधर, सैन्याशी काही संबंध नाही. माझा दोस्त, माजी नायक, वेरूळजवळच्या गावचा, सध्या जामिनावर. आणि मी.

गैरहजर: बँकेतले चाचा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी त्यांना येता आलं नसतं.

हजेरी घेतल्याशिवाय मला काही सुरू करता येत नाही. सैन्यातली माझी बहुतेक वर्षं कोतमध्ये गेली. पलटणीची हत्यारं ज्या खोलीत कुलपाखाली राहतात, तिला कोत म्हणतात. सकाळी हत्यारं बाहेर जाताना मोजायची, संध्याकाळी आत येताना मोजायची, आणि आकडा जुळला नाही तर त्या दिवशी कुणी जेवायचं नाही. बायको म्हणते, तुम्ही भाजीची पिशवीसुद्धा सही घेऊन हातात देता. तिचं म्हणणं खोटं नाही. निवृत्तीनंतर मी या एजन्सीत माजी सैनिकांना बँकेच्या आणि गोदामाच्या पहाऱ्यासाठी तयार करायचं काम धरलं. माणसं आधीच तयार असतात. मी फक्त उजळणी घेतो.

उजळणीची सुरुवात एरवी भांडणानं होते. भांडण एकच: कोणती रायफल चांगली. सुभेदार एसएलआरचे. लांब, जड, चढावर खांदा सोलून काढणारी. पण त्यांच्या मते तिच्यासारखी रायफल झाली नाही आणि होणार नाही. मैदानात समोरच्या टेकाडावरचा माणूस टिपायचा असेल तर तीच. कन्नडचा हवालदार एके सत्तेचाळीसचा. तो म्हणायचा, "सुभेदारसाहेब, तुमचा तो वासा घेऊन एकदा गल्लीत वळून दाखवा. भिंतीला अडकून तिथंच उभे राहाल, अन् समोरचा चहा पिऊन जाईल." जालन्याचे भाऊ इन्सासवर वाढलेले. हलकी, धक्का कमी, आणि मॅगझिन आरपार दिसणारी, त्यामुळं किती गोळ्या उरल्या ते मोजत बसायला नको. त्यावर सुभेदार म्हणायचे, गोळ्या बघायला मिळतात म्हणून रायफल आवडणं म्हणजे बरणीत बिस्किटं दिसतात म्हणून दुकान आवडणं.

मी या भांडणात पडत नसे. मी रायफली निशाण्यावर पारखल्याच नाहीत; संध्याकाळी परत आल्या तेव्हाच्या अवस्थेवर पारखल्या. तिन्हींचं काम चालतं एकाच रीतीनं. गोळी सुटली की तिच्यामागच्या तापलेल्या वायूचा थोडा हिस्सा बॅरलच्या भोकातून वर येतो आणि पिस्टनला मागं ढकलतो. त्या धक्क्यानं रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि स्प्रिंग परत पुढं येताना मॅगझिनमधली नवी गोळी आत नेते. फरक असतो तो सुट्या भागांमधल्या जागेचा. एसएलआर घट्ट बसवलेली. त्यामुळं नेम चांगला, पण वाळू गेली की रुसायची. एके ढिली. हलवली की आत खुळखुळते, आणि त्या ढिलाईमुळंच चिखलातून काढून झटकली तरी चालते. मात्र लांबवर तिचा भरवसा धरू नये. इन्सास या दोघींच्या मधली. दिवसभर डोंगर चढायचा असेल तर तिच्याबरोबर जास्त गोळ्या नेता येतात, ही तिची खरी कमाई. आमच्या कोतमध्ये मात्र तिची प्लास्टिकची मॅगझिन मी काचेच्या भांड्यासारखी हाताळायला लावत असे.

तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी. मॅगझिन पोटाखाली असते आणि ती काढून हातात घेता येते. मॅगझिन निघाली म्हणजे गोळ्या गेल्या. "खाली कर" म्हणजे रिकामी कर, असा हुकूम झाला की जवानाचे हात पुढचं सगळं आपोआप करतात. मॅगझिन काढ. मागं ओढ. आत राहिलेली गोळी उडून बाहेर पडते. आत बघ. सोड. बॅरल सुरक्षित दिशेला धर आणि ट्रिगर दाब. टक् असा आवाज येतो. ट्रिगर दाबायचा तो आतली स्प्रिंग ताणलेली राहू नये म्हणून, आणि रायफल रिकामी असल्याची शेवटची खात्री म्हणूनही. ती टक् ऐकल्याशिवाय हत्यार कोतमध्ये आत घ्यायचं नाही, असा माझा नियम होता. नियम माझा एकट्याचा नव्हता. प्रत्येक कोतचा तोच होता आणि आहे. तो चांगला नियम आहे.

त्या रविवारी भांडण झालं नाही. नायक कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खुर्चीवर बसला होता आणि सगळे त्याच्याकडं न बघता हवापाण्याचं बोलत होते.

त्याला मी नायकच म्हणतो. आम्ही एकाच पलटणीत होतो, त्याचा हुद्दा तोच होता, आणि पुढं जालना रोडवरच्या ज्या सहकारी बँकेत तो पहाऱ्यावर लागला, तिथंही सगळे त्याला नायकसाब म्हणत. पलटणीत मी ज्यांची रायफल न तपासता आत घेतली असती अशी फार थोडी माणसं होती. त्यांत हा एक. तरी तपासलीच, ती गोष्ट वेगळी.

बँकेत त्याच्याकडं बरीच वर्षं दुनळी होती. बारा बोअरची, दोन बॅरलची, मधे मोडून उघडायची. ती आणि रायफल यांचं नातं नाही. रायफलची गोळी लांब जाते आणि बरंच काही पार करून जाते. बँकेत ती ठेवणं म्हणजे चोराबरोबर रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही मारणं. दुनळीतून छर्रे सुटतात, जवळच्या जवळ काम करतात, भिंतीत थांबतात. आणि तेही क्वचितच सुटतात. बँकेत बंदुकीनं दिसायचं असतं, एवढंच तिचं काम. खाली करायलाही दुनळी सोपी. मोडली की दोन्ही भोकं समोर उघडी. काडतुसं काढली की आरपार उजेड दिसतो. चुकायला जागा नाही.

चाचा त्या शाखेतले जुने शिपाई. चहा, फाइली, कुलपं, वेळेला म्हाताऱ्या खातेदारांच्या स्लिपा भरून देणं, सगळं त्यांच्याकडं. नायकाच्या डब्यातली भाकरी ते हक्कानं तोडून घेत आणि त्याला आपल्या घरचं कालवण देत. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की नायक दुनळी मोडायचा, दोन काडतुसं काढायचा, आणि चाचा तळहात पुढं करायचे. काडतुसं हातात तोलून म्हणायचे, "आज बी कुछ नहीं कमाए तुम्हारी बंदूक." मग ती पेटीत ठेवून द्यायचे. रोजचा ठरलेला विनोद. दोघंही रोज हसायचे.

नोव्हेंबरात एजन्सीनं काही पहाऱ्यांवर नव्या पंप बंदुका दिल्या. एकच बॅरल, तिच्याखाली तितकीच लांब दुसरी नळी, आणि त्या नळीवर बसवलेली मूठ. मूठ मागं ओढून पुढं ढकलली की एक काडतूस बॅरलमध्ये चढतं. बाकीची काडतुसं त्या खालच्या नळीत एकामागं एक झोपलेली असतात. ती नळी बंदुकीचाच भाग आहे. ती काढून हातात घेता येत नाही. नव्या बंदुकांची ओळख करून द्यायला एजन्सीनं बाहेरचा माणूस बोलावला होता, मी त्या आठवड्यात पुतणीच्या लग्नाला परभणीला होतो. परत आलो तेव्हा नायकाला ती मिळून चार-पाच दिवस झाले होते. आणि तोवर घडायचं ते घडून गेलं होतं.

त्या दिवशी दुपारी बँकेत रोकड घेऊन गाडी आली. पैसे उतरत असताना नायकानं बंदूक सज्ज ठेवली, म्हणजे एक काडतूस बॅरलमध्ये चढवलं. संध्याकाळी शटर अर्ध्यावर आलं. त्यानं बंदूक खाली करायला घेतली. कोपऱ्यात, खालच्या दिशेला, जिथं कुणी नव्हतं, तिकडं तोंड धरलं. मूठ मागं ओढली, काडतूस उडालं आणि फरशीवर त्याच कोपऱ्याकडं घरंगळत निघालं. चाचा चहाच्या पडद्याआडून तळहात पुढं करतच येत होते. काडतूस टेबलाखाली जाईल म्हणून त्यांनी पाय लांब करून ते अडवलं. त्याच वेळी बंदूक सुटली.

उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

नायकानं ठाण्यात सांगितलं, बंदूक मी खाली केली होती, तरी ती सुटली. बँकेतल्या दोघांनी सांगितलं, काडतूस बाहेर पडताना आम्ही पाहिलं. आणि घाटी रुग्णालयात शुद्धीवर आल्यावर चाचांनीही पोलिसांना तेच सांगितलं: काडतूस बाहेर आलं, मी पायानं अडवलं, नायकसाबची काही चूक नाही, बंदूकच बिघडलेली होती. गुन्हा निष्काळजीपणाचा लागला होता. सगळे म्हणत होते, बंदूक खराब निघाली की नायक सुटेल.

मी परभणीहून आल्यावर मुकुंदवाडीला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि मी चप्पल काढायच्या आतच बोलायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एजन्सीत माझ्या शब्दाला वजन आहे, हत्यारांचं मला कळतं, तर मी ठाण्यात जाऊन बंदूक खराब होती एवढं लिहून द्यावं. यांना झोप नाही, जेवण नाही, रोज उठून घाटीच्या गेटपर्यंत जातात आणि आत न जाता परत येतात.

मी म्हटलं, आधी काय झालं ते त्याच्या तोंडून ऐकू द्या.

नायक चटईवर बसून होता. त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याचे हात हलले. सैनिकाला हत्याराबद्दल हात न हलवता बोलता येत नाही. मी शब्द ऐकत होतो आणि हातांकडं बघत होतो. उजव्या हातानं हवेतली मूठ धरली. डावा हात पोटाखाली गेला, जिथं रायफलला मॅगझिन असते. तिथं काही नव्हतं. हात क्षणभर तिथं चाचपडला आणि पुढं निघाला. मग ओढलं. खाली वाकून आत पाहिलं. सोडलं. तोंड कोपऱ्याकडं. बोट आत आलं.

"ट्रिगर दाबलास?" मी विचारलं.

"दाबला ना. खाली केली व्हती, मग दाबणारच." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याला जेवताना घास चावलास का असं विचारलं होतं.

तिथंच मला कळलं. तो काही विसरला नव्हता. शिकवलेलं त्यानं एकेक पायरी करत पूर्ण केलं होतं, फक्त ते दुसऱ्या हत्याराचं होतं. दुनळीशी तो असा वागला नसता. ती इतकी वेगळी दिसते की हातांना ती नव्यानं शिकावी लागली होती. पंप बंदूक मात्र रायफलसारखी लांब, एका बॅरलची, मागं ओढायला काहीतरी असलेली. हातांनी तिला ओळखलं, आणि चुकीचं ओळखलं. मॅगझिन काढायची पायरी आली तर काढायला काही नव्हतं, म्हणून ती आपोआप गळली. ओढल्यावर एक काडतूस बाहेर पडलं. रायफलमध्ये ते शेवटचं असतं. इथं ते पहिलं होतं. मूठ पुढं जाताना खालच्या नळीतलं दुसरं काडतूस बॅरलमध्ये चढलं. आणि मग त्यानं, नियमाप्रमाणं, खात्री करून घेतली.

मी त्याला तेव्हाच सांगितलं. शब्दांत सांगितलं, म्हणून त्याला पटलं नाही. तो म्हणाला, "मी आत बघितलं व्हतं. मोकळी व्हती." खरं होतं. बॅरल त्या क्षणी मोकळीच होती.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, एवढं खोलात कशाला जायचं? चाचाबी म्हनतेत ना बंदूक खराब व्हती. ज्याचा पाय गेला तोच म्हनतोय."

मी त्यांना जे सांगितलं ते कोरडं वाटलं असेल. बंदूक तपासणीला गेली आहे. ती नीटच निघणार. आज हा म्हणतोय बंदूक खराब होती. अहवाल आला की ते खोटं ठरेल. चूक केलेला माणूस वेगळा आणि खोटं बोललेला माणूस वेगळा. शिवाय बंदूक खराब म्हणून एजन्सी फक्त बंदूक बदलेल, आणि दुसऱ्या कुठल्यातरी बँकेत दुसरा कुणीतरी माजी जवान संध्याकाळी तेच करील.  वहिनींनी माझ्यासाठी टाकलेला चहा मला दिला, पण कप हातात न देता चटईवर ठेवला.

म्हणून तो रविवार. नायकाला मी म्हटलं, तू बोलू नकोस, करूही नकोस. फक्त बस आणि बघ.

शेडमध्ये मी एजन्सीची दुसरी पंप बंदूक आणली होती, आणि शिकवण्याची काडतुसं. त्यात दारू नसते, छर्रे नसतात, आरपार भोक पाडलेलं असतं. सगळी मी घरी एकेक तपासली होती, शेडमध्ये आल्यावर सुपरवायझरसमोर पुन्हा तपासली. ती नळीत भरली, एक बॅरलमध्ये चढवलं, भिंतीशी वाळूची पोती रचली आणि सुभेदारांना म्हटलं, "साहेब, पहाऱ्यावरून आलात. खाली करा."

सुभेदारांनी बंदूक घेतली. डावा हात बंदुकीच्या पोटाखाली जाऊन आला. मूठ ओढली, काडतूस पडलं, आत पाहिलं, मूठ पुढं, तोंड पोत्यांकडं, टक्. त्यांनी बंदूक माझ्याकडं दिली आणि परत खुर्चीत बसले. काय झालं ते त्यांना समजलंच नव्हतं. मी पडलेली काडतुसं उचलली. पुन्हा भरली आणि कन्नडच्या हवालदाराला दिली. त्यानं ते सुभेदारांपेक्षा चपळाईनं केलं. टक्. जालन्याचा थोरला भाऊ. टक्. धाकटा भाऊ हुशार, त्यानं दोनदा ओढली, दोन काडतुसं पाडली, वाकून नीट पाहिलं. मग मूठ पुढं ढकलली आणि दाबला. टक्.

सुपरवायझर कडेला उभा होता. या मंडळींनी त्याला आधीपासून अकाउंटंट अशी पदवी देऊन ठेवलेली. हवालदार त्याला म्हणाला, "अकाउंटंट, तूबी घे एकदा. नुसत्या पगाराच्या सह्या करतो." त्यानं घाबरत बंदूक घेतली. कुठं धरायची ते त्याला मी दाखवलं. तो मूठ ओढत राहिला, एकामागं एक काडतुसं खाली पडत राहिली, आणि शेवटी काही पडेना तेव्हा मूठ मागंच ठेवून तो माझ्याकडं बघू लागला.

"आता?" त्यानं विचारलं.

"खाली झाली?"

"पडायची तेवढी पडली."

हवालदार हसून म्हणाला, "अरे मग ट्रिगर दाब ना."

"रिकामी करायची आहे ना?" सुपरवायझर म्हणाला. "मग ट्रिगर कशाला दाबायचा?"

कुणी हसलं नाही. त्याला काही येत नव्हतं, म्हणून तो चुकला नाही, हे सगळ्यांना एकदमच कळलं. सुभेदारांनी हात पुढं केला, बंदूक मागून घेतली, मी त्यांना परत भरून दिली. या वेळी त्यांनी एकदा ओढून पुढं ढकलली आणि तिथंच थांबले. मग मूठ पुन्हा हळूहळू मागं घेतली. बॅरलमध्ये चढलेलं काडतूस बाहेर आलं आणि त्यांच्या बुटाशी पडलं. ते त्यांनी वाकून उचललं.  ते म्हणाले, "मागच्या महिन्यात गोदामावर मी हीच बंदूक सांभाळली. आत काही चढवलेलं नव्हतं, अन् खाली करायची वेळच आली नाही." एवढंच.

नायक खुर्चीवरून उठला. मी नको म्हटलं होतं, तरी त्यानं हात पुढं केला. मी बंदूक दिली. त्यानं ती खाली केली, जशी बँकेत केली होती तशी. एक काडतूस पडून वाळूच्या पोत्याकडं घरंगळलं. त्याची नजर त्या काडतुसाबरोबर गेली. बोट ट्रिगरवर होतं. त्यानं दाबला नाही. बोट काढून घेतलं, बंदूक माझ्या हातात दिली आणि तो शेडबाहेर जाऊन उभा राहिला. बाहेर टेम्पो उभे होते, त्यांच्या सावलीत.

मी थोड्या वेळानं गेलो. तो म्हणाला, "बंदूक नीट व्हती."

"नीट होती."

"मग चाचाला कोण सांगणार?"

मी म्हटलं, आधी ठाण्यात. मग चाचा. मी बरोबर येतो. पाहिजे तर चाचांना मीच सांगतो, मला नीट उलगडून सांगता येईल.

"नाय," तो म्हणाला. "ते मीच सांगणार."

सोमवारी आम्ही ठाण्यात गेलो. त्यानं नवा जबाब दिला: काय केलं, कसं केलं, बंदूक खराब नव्हती. त्याच्या वकिलानं डोक्याला हात लावला. लिहून घेणाऱ्या पोलिस हवालदारानं मधेच थांबून विचारलं, नक्की असंच लिहू ना? नायक म्हणाला, असंच. घरी गेल्यावर वहिनी त्याच्याशी काय बोलल्या ते मला माहीत नाही. माझ्याशी त्या अजून बोलत नाहीत. यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. त्यांना घर चालवायचं आहे आणि मी त्यांच्या घरात शिक्षा आणून ठेवली.

पुढच्या शुक्रवारी, नमाजानंतरच्या वेळेला, आम्ही चाचांच्या घरी गेलो. रोशन गेटच्या पलीकडं गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या. घाटीतून त्यांना घरी सोडलं होतं. पलंग दाराशी आणला होता, म्हणजे येणारंजाणारं दिसावं. चादर एका बाजूला उंच होती आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्यानंतर सपाट. खाली एकच चप्पल होती. दुसरी कुणी उचलून ठेवली असेल.

चाचांना एवढा आनंद झाला की नायकाला बोलायला जागाच मिळाली नाही. आतून चहा मागवला. बँकेत चहा आता कोण करतं, साखर जास्त टाकतो का, ते विचारलं. सुनेला हाक मारून सांगितलं की हेच ते नायकसाब, यांच्या डब्यातली ठेच्याची भाकरी म्हणजे अशी की विचारू नका. सून दारात आली, डोक्यावरचा पदर सावरून नायकाकडं एकदा पाहिलं आणि आत गेली. बंदूक बिघडल्याचं तिनं मानलेलं नव्हतं, असं मला वाटलं.

नायकानं दोनदा घसा खाकरला. "चाचा, मला एक बोलायचंय."

"बोला की."

"त्या बंदुकीचं."

चाचांनी हात हलवला. "छोडो ना साब. मशीन पो क्या गुस्सा करना. बिगड गई सो बिगड गई." मग ते मराठीत आले, जसे गंभीर झाले की येत. "घरी सगळे मला म्हणतात, केस लढवा, त्या माणसावर लढवा. मी त्यांना सांगितलं, माणसानं केलं असतं तर मला रात्री झोप आली नसती. मशीननं केलं. मग कुणावर चिडायचं? झोप येते मला."

नायकाच्या हातातला कप तसाच राहिला. त्याचं तोंड उघडलेलं होतं. मी बाजूला बसून वाट बघत होतो आणि मला वाटत होतं की आता, आता. तो बोलला नाही. चाचांनी तळहात पुढं केला, रिकामा कप मागायला, आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "लाओ. आज बी कुछ नहीं कमाए." नायकानं भरलेला कप त्यांच्या हातात ठेवला. चहा थोडा चादरीवर सांडला, सपाट बाजूला.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी त्याला विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. "पाय घेतला. आता झोपबी घेऊ?"

 मला एवढंच दिसतं की कोर्टात प्रकरण उभं राहील तेव्हा चाचांना साक्षीला बोलावतील. ते पलंगावरून उठून, नकली पाय लावून, शपथेवर सांगतील की बंदूक खराब होती. मग सरकारी वकील नायकाचाच जबाब काढून त्यांना वाचून दाखवेल. तेव्हा कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, आणि वकिलाच्या तोंडून कळण्यापेक्षा नायकाच्या तोंडून. हे मी नायकाला सांगितलं. त्याला पटतं. पटून तो गप्प बसतो.

बाकीची कामं झाली. एजन्सीच्या प्रत्येक पहाऱ्यावर, जिथं पंप बंदूक आहे, तिथं मी स्वतः जाऊन आलो. काडतुसं पडायची थांबेपर्यंत मूठ ओढायची, नळीत बोट घालून बघायचं, मूठ मागंच ठेवायची, ट्रिगरला हात लावायचा नाही. प्रत्येक माजी जवानाकडून ते माझ्यासमोर करून घेतलं. सगळ्यांची बोटं आधी ट्रिगरकडंच गेली. सुभेदार आता रविवारी मला मदत करतात. रायफलींचं भांडण त्यांनी काढलेलं नाही, कन्नडवाल्यानंही नाही. तपासणीचा अहवाल आला: बंदूक व्यवस्थित.

नकली पायाचं माप द्यायला चाचांना या गुरुवारी न्यायचं आहे. नायकानं रिक्षा सांगून ठेवली आहे. त्यांना उचलून आत तोच बसवणार, आणि मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसेन, म्हणजे मागं दोघंच राहतील. वाट तशी लांब आहे. सांगायचं अजून बाकी आहे.